ऊलाइट आणि घरी बनवलेली जॉयस्टिक: कामाच्या नोंदी

८ जून

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकून ऊलाइट बसवला. ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, १९८४ साली डेव्हिड ब्रेबन आणि इयान बेल या दोघांनी बीबीसी मायक्रोवर एलिट नावाचा गेम केला होता, यान घेऊन हिंडायचं, एका ग्रहावर माल घ्यायचा दुसऱ्यावर विकायचा, वाटेत चाचे आडवे आले तर लढायचं, आणि त्याच धर्तीवर जाइल्स विल्यम्सने ऊलाइट नव्याने लिहिला. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, मॅक विंडोज लिनक्स सगळ्यावर चालतो, आणि तरी आपल्याकडे गेमवाल्या पोरांना विचारलं तर नावसुद्धा माहीत नसतं. बरेच जण उतरवून घेतात, अर्ध्या तासात वैतागून डिलीट मारतात. माझं म्हणणं असं की दोष गेमचा नाही, कीबोर्डचा आहे, म्हणून ही जॉयस्टिकची भानगड.

लॅपटॉप म्हणजे ४ जीबी रॅम, ग्राफिक्स इंटेलचं ऑनबोर्ड, बॅटरी मेलेली. स्टेशनजवळ गेलं की चित्र अडकत अडकत चालायचं. एफ२ दाबून गेम ऑप्शनमधे जायचं आणि डिटेल लेव्हल कमी करायची, शेडर म्हणजे उजेडसावलीचे जड परिणाम बंद झाले की पाण्यासारखं पळतं. दिसायला थोडं साधं दिसतं पण काय फरक पडत नाही, तसंही काळ्या आकाशात बघायला काय असतं.

१० जून

कीबोर्डवर खेळून बघितला. सुरुवात लावे ग्रहाच्या स्टेशनवर, हातात कोब्रा मार्क थ्री जातीचं यान, खिशात १०० क्रेडिट, तीन मिसाइल आणि एक पल्स लेझर. होल्ड, म्हणजे माल ठेवायची जागा, २० टनाची पण भरायला पैसे कुठायत. बाणाच्या डाव्या उजव्या बटणाने यान स्वतःभोवती गरगरतं, वरखालीने नाक वरखाली होतं, गाडीसारखं डावीकडे वळ म्हटलं तर वळत नाही, आधी आडवं व्हायचं मग नाक उचलायचं. हे हातात बसायला वेळ लागतो आणि इथंच निम्मी पब्लिक सोडून जाते.

उरलेली निम्मी डॉकिंगला सोडते. स्टेशन सतत फिरत असतं, त्याला एकच आयताकृती फट, आणि त्या फटीशी आपलं फिरणं जुळवून आत शिरायचं. जुळलं नाही की यान भिंतीवर आदळून खल्लास. फट नेहमी ग्रहाच्या बाजूला असते हे एवढं लक्षात ठेवलं तरी शोधाशोध वाचते, समोर नॅव्हिगेशनचा बॉय, म्हणजे वाट दाखवायची तरंगती खूण, असतो, आधी त्याच्यापर्यंत जायचं, तिथं स्पीड शून्य करायचा, मग वळून स्टेशनकडे तोंड करायचं आणि सावकाश सरळ आत. कीबोर्डवर अडचण अशी की बटण दाबलं की फिरण्याचा वेग वाढतच जातो, सोडलं की थांबतो, अर्धवट वेग धरून ठेवता येत नाही. टकटक टकटक करत बसायचं.

आणि सेव्ह फक्त स्टेशनात उतरल्यावरच होतं. काल आमच्या पेठेतली लाईट गेली तेव्हा मी फटीच्या तोंडाशी होतो, बॅटरी मेलेली, झालं कल्याण. लॅपटॉपला यूपीएस नाहीतर बरी बॅटरी असल्याशिवाय लांबच्या फेरीला निघू नका, हे पाऊस सुरू व्हायच्या आत लिहून ठेवतो.

१५ जून

सामान गोळा करायला सुरुवात. बाजारातली तयार जॉयस्टिक घेता आली असती पण बरी म्हणावी ती महाग, आणि स्वस्त मिळते तिचा मधला पॉइंट महिन्याभरात ढिला होतो. शिवाय कोल्हापुरात राहून लेथचं काम करून घ्यायचं नाही तर कुठं करायचं.

बोर्ड: अर्डुइनो प्रो मायक्रो, म्हणजे प्रोग्राम टाकून चालवायचं छोटं सर्किट, त्यावर एटीमेगा ३२यू४ चिप असते. हे महत्त्वाचं आहे, नीट वाचा. ऊनो किंवा नॅनो घेऊ नका, त्यातली चिप स्वतः यूएसबीवर जॉयस्टिक म्हणून ओळख देऊ शकत नाही, ३२यू४ देते, आणि अर्डुइनोची जॉयस्टिक लायब्ररी अशाच बोर्डांसाठी आहे. ऑनलाईन मागवला, साधारण साडेपाचशे पडले.

पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवला की विजेचा अडथळा कमीजास्त करणारा नॉब, दोन, १० किलोओहमचे. यावर बी१०के लिहिलेलं पायजे. ए१०के लिहिलेले आवाजाच्या नॉबसाठी असतात, त्यांची चाल सरळ नसते, एका बाजूला हळू आणि दुसऱ्या बाजूला एकदम धावतात. दुकानदाराने आधी तेच दिले होते, "दोन्ही सारखंच की" म्हणाला, परत देऊन बदलून आणले. पंचवीस रुपयांना एक.

शाहूपुरीत ६०८ नंबरची बेअरिंगं चार घेतली. भोक ८ मिलिमीटर, बाहेरून २२. स्केटिंगच्या चाकात असतात तीच, कुठंही मिळतात.

१९ जून

शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्या मामांकडे गेलो. वहीत काढलेलं चित्र दाखवलं, एकात एक अशा दोन चौकटी, बाहेरची पुढंमागं डुलणार, आतली डावीउजवीकडे, मधून दांडा. मामांनी चित्र उलटंसुलटं करून बघितलं.

"हे कशाचं म्हणायचं, पंपाचं का?"

"नाही मामा, गेम खेळायला. कॉम्प्युटरवर यान चालवायचं."

"बरं. आणि ताकद किती येणार ह्यावर?"

मी म्हटलं हाताची येईल तेवढीच. मग म्हणाले लोखंड कशाला, नायलॉनच्या बारमधून काढतो, हलकं बी हुईल आणि वाजणार बी न्हाई. तिथंच मला वाटलं की ह्यांना गेम सांगायची गरज नाही, ताकद किती, चाल किती, एवढं सांगितलं की बास. नायलॉन आणि मजुरी मिळून साडेचारशे घेतले. शाफ्ट आठ मिलिमीटरला अंगभर चिकट बसवला, बेअरिंगमधे खेळ नाही. ही गोष्ट घरी ड्रिलने करायला जाऊ नका, चौकट जरा जरी तिरकी झाली तर दांडा एका कोपऱ्यात अडकतो.

मधल्या काळात कीबोर्डवरच व्यापार चालू. लीस्टी आणि डिसो ही जोडी सुरुवातीला सोयीची आहे. लीस्टी औद्योगिक, डिसो शेतीचा. डिसोवरून अन्न, दारू, फर घ्यायची, लीस्टीवर विकायची, येताना यंत्रं आणि पैसे जमले की कॉम्प्युटर. शंभर क्रेडिटमधे कॉम्प्युटर जेमतेम एक टन येतो, म्हणून पहिले काही फेरे स्वस्त मालाचेच. मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला जसं आवक किती आणि माल कुठल्या गावचा हे बघून बोली लागते तसंच इथं एफ८ वर बाजार आणि एफ७ वर ग्रहाची माहिती बघूनच माल उचलायचा. सोनं, प्लॅटिनम किलोत आणि रत्नं ग्रॅममधे मिळतात, थोडी घेतली तर होल्डमधे जागा खात नाहीत, होल्ड भरला आणि खिशात सुटे उरले तर ती घ्या.

गुलाम, नार्कोटिक्स आणि शस्त्रं बेकायदेशीर. स्टेशनातून असला माल घेऊन बाहेर पडलं की नावापुढचं क्लीन जातं, ऑफेंडर लागतं, आणि पोलिसांची व्हायपर यानं मागे लागतात. नफा बघून मोह होतो, पण पल्स लेझरवर असताना नको.

२६ जून

जुळणी. बारा मिलिमीटर प्लायचा डबा, वर मामांची चौकट, प्रत्येक शाफ्टच्या टोकाला एक पोटेन्शिओमीटर. दांड्याला सायकलच्या हँडलचं ग्रिप चढवलं, वर दोन पुशबटणं. केबल लावली, लॅपटॉपला काहीच दिसेना. बोर्ड मेला असं समजून संध्याकाळभर डोकं खाल्लं, निघालं काय तर केबल मोबाईल चार्जिंगची, आत डेटाच्या तारा नव्हत्याच. डेटावाली केबल लावली की लगेच ओळखला. दुसरं म्हणजे प्रो मायक्रोचा यूएसबी पोर्ट लई कमजोर असतो, केबल ओढली गेली की बोर्डावरून उखडून हातात येतो, आधीच ग्लूगनने चारही बाजूंनी चिकटवून टाका.

जेएसटेस्ट-जीटीके या जॉयस्टिक तपासायच्या प्रोग्राममधे बघितलं तर दांडा पूर्ण एका टोकाला नेला तरी रेघ जेमतेम मधून थोडी सरकते. कारण असं, पोटेन्शिओमीटर जवळजवळ ३०० अंश फिरतो, आपला दांडा एका बाजूला तीसच अंश, म्हणजे दोन्ही बाजू धरून साठ. बोर्ड ० ते १०२३ मोजतो, त्यातले दोनशेच्या आसपास आकडेच आपल्या वाट्याला. यावर लोक गिअर लावतात, मी लावला नाही. दांडा चारही टोकांना नेऊन येणारे आकडे लिहून घेतले आणि लायब्ररीत अक्षाची रेंज तेवढीच दिली. दोनशे पायऱ्या या गेमला पुरतात. पण एक तोटा राहतो, आकडे जागेवर थांबत नाहीत, हात न लावता दोनचार इकडंतिकडं थरथरतात, आणि रेंज लहान असल्यामुळे तेवढीच थरथर पडद्यावर मोठी दिसते. आठ वेळा वाचून सरासरी काढायला लावली, बरीच कमी झाली, गेली नाही.

दांडा मधे आणायला आधी रबरबँड लावले, दोन दिवसांत ढिले. बॉलपेनच्या स्प्रिंगा लावल्या, त्यांच्यात दमच नाही. शेवटी मामांनीच खोक्यातून जरा जाड तारेच्या चार स्प्रिंगा काढून दिल्या, पैसे घेतले नाहीत.

२ जुलै

पहिलं उड्डाण. जॉयस्टिक गेम चालू करायच्या आधी लावायची, नंतर लावली तर गेमला दिसत नाही, मग वाटतं स्केचच, म्हणजे बोर्डात टाकलेला प्रोग्रामच, चुकलंय. ऑप्शनमधे जॉयस्टिकच्या सेटिंगला जाऊन आडवा अक्ष रोलला (स्वतःभोवती फिरणं), उभा पिचला (नाक वरखाली), बटणं लेझर आणि मिसाइलला दिली. डेडझोन, म्हणजे मधल्या जागेजवळची हालचाल गेमने सोडून द्यायची ती हद्द, तीही तिथंच वाढवता येते, थोडा वाढवल्यावर उरलेली थरथर यानापर्यंत पोचायची थांबली.

स्टेशनातून बाहेर पडलो आणि कसलंही बटण न दाबता लेझर सुटला. मागे काय आहे बघायला यान वळवत होतो, परत सुटला, तो नेमका स्टेशनला लागला. बास, स्टेशन शत्रू, फटीतून व्हायपर बाहेर यायला लागली, पळायला इंधन होतं पण अक्कल सुचेपर्यंत यान फुटलं.

डब्यात बघितलं. स्केचमधे बटणाच्या पिनला नुसतं इनपुट दिलं होतं, म्हणजे बटण सुटं असताना पिन हवेत लोंबकळतो, हात जवळ आला किंवा ग्रिप घामेजलं तरी त्याला कधी ० वाटतं कधी १. इनपुट पुलअप करायचं, म्हणजे बोर्डच पिन १ वर धरून ठेवतो, बटणाचं दुसरं टोक ग्राउंडला द्यायचं, आणि वाचताना उलटं धरायचं कारण आता दाबल्यावर ० येतो. वर वीसेक मिलिसेकंद थांबून दुसऱ्यांदा वाचायला सांगितलं, एका दाबात दोनदोन मिसाइल जायची बंद झाली. मिसाइल ३० क्रेडिटला एक आहे, सुरुवातीच्या कमाईत ते पैसे जाणवतात.

मग डॉकिंग. भावा, फरक काय विचारू नकोस. दांडा जरासा कलता धरायचा, फट जशी फिरते तसं यान फिरतं, आणि ते तसंच धरून आत जायचं. ज्या गोष्टीसाठी मी कीबोर्डवर घाम गाळत होतो ती आता गप्पा मारता मारता जमते. मला तर आता उलट वाटतं की डॉकिंग हाच या गेमचा खरा गोडवा आहे, आणि जे लोक सगळ्यात आधी पैसे साठवून डॉकिंग कॉम्प्युटर घेतात ते गेममधलं सगळ्यात चांगलं काम यंत्राला देऊन टाकतात.

११ जुलै

खरेदीचा क्रम, कारण हा विचारला जाणारच.

पहिला मोठा कार्गो बे, ४०० क्रेडिट, होल्ड २० चा ३५ टन होतो, एका फेरीची कमाई लगेच वाढते. त्यानंतर माझ्या मते फ्युएल इंजेक्टर, ६०० क्रेडिट. हे लोक मागे टाकतात आणि चुकतात. दोन ग्रहांमधे उडी मारून आल्यावर ग्रहापर्यंत बराच पल्ला असतो, तो कीबोर्डवरच्या जे बटणाने टॉरस ड्राइव्ह, म्हणजे भरधाव न्यायचं यंत्र, लावून भरभर काटायचा, पण आसपास दुसरं कुठलंही यान असलं की मास लॉक होतो आणि ड्राइव्ह चालत नाही. मग रांगत जा. इंजेक्टर इंधन जाळतात पण लॉक असतानाही सुसाट नेतात, तावडीतून सुटायला आणि रांगणं टाळायला दोन्हीला कामाचे. ज्यांच्याकडे तेवढे पैसे नाहीत त्यांनी उडीच्या जागेपासून ग्रहाकडे सरळ रेषेत जायचं नाही, त्या रेषेवरच सगळी रहदारी आणि तिथंच चाचे. बाजूला तिरकं जायचं, रहदारी मागे पडली की टॉरस लावायचा आणि मग लांबून ग्रहाकडे वळायचं. थोडा फेरा पडतो पण पोचतो लवकर.

त्यानंतर ईसीएम, तेही ६०० ला, येणारी मिसाइल फोडायला. मग फ्युएल स्कूप ५२५ ला, सूर्याजवळ जाऊन फुकट इंधन भरता येतं आणि फुटलेल्या यानातून तरंगणारे डबे उचलता येतात. सूर्याजवळ केबिनचं तापमान वाढत जातं, पट्टी लाल व्हायच्या आत मागं फिरा. बीम लेझर १००० ला, तो आला की चाच्यांच्या डोक्यावरच्या बक्षिसातून पैसे मिळायला लागतात. प्रत्येक स्टेशनवर सगळं मिळत नाही, ग्रहाची टेक लेव्हल, म्हणजे तंत्रज्ञानात तो किती पुढे आहे, बघून जा, शेतीच्या मागास ग्रहावर बीम लेझर शोधत बसू नका.

राज्यव्यवस्था हीसुद्धा बघायची गोष्ट आहे, कॉर्पोरेट स्टेट असेल तर वाट निवांत, अनार्की, म्हणजे कायदाच नसलेला ग्रह, असेल तर उडी संपायच्या आत लांडगे उभे. लावेच्या शेजारीच रीडक्वाट आहे, अनार्की, नकाशावर जवळ दिसतो म्हणून तिकडं उडी मारू नका.

२३ जुलै

काम बंद. पाऊस थांबायचं नाव घेईना, पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीपाशी, पुण्याहून येणारं पार्सल अडकलंय. त्यात हॉल सेन्सर आहेत, म्हणजे न घासता चुंबकाचा जोर मोजणारे सेन्सर, पोटेन्शिओमीटरच्या जागी लावायला. पोटेन्शिओमीटर आत्ताच मधल्या जागेवर खराखरा करायला लागलेत, आतली कार्बनची पट्टी तेवढ्याच जागेत घासली जाते त्यामुळे हे होणारच होतं. दांडा मधे असताना यान स्वतःहून हळूच कुशीवर होतं.

भाच्याला खेळायला बसवलं तेव्हा यानाची ती गरगर बघून तो म्हणाला, "मामा, तुझ्या गाडीची अलाइनमेंट गेलीय." पण तो खेळला. मिसाइल संपेपर्यंत खेळला, एक क्रेट स्कूपने उचलला आणि त्यात निघालं अन्न, तर त्याला एवढा राग आला की विचारू नका. आठ यानं पाडली की आपली पदवी हार्मलेसची मोस्टली हार्मलेस होते, सर्वात वरचं एलिट व्हायला ६४०० लागतात, हा आकडा ऐकून तो गप्प बसला आणि मग विचारलं की हेच सेव्ह त्याच्या घरी नेता येईल का. येतं, सेव्हची एक साधी फाइल असते, पेनड्राइव्हवर टाकली की झालं.

४ ऑगस्ट

पार्सल आलं. ४९ई नावाचे हॉल सेन्सर, तीन पायांचे, चाळीस रुपयांना एक. शाफ्टच्या टोकाला लहान निओडिमियम चुंबक चिकटवायचं, समोर दोनतीन मिलिमीटरवर सेन्सर, कुठंच घासत नाही म्हणून झिजत नाही. ५ व्होल्ट, ग्राउंड आणि तिसरी तार अ‍ॅनालॉग पिनला. चुंबकाचा जोर लागत नसेल तेव्हा अर्ध्या व्होल्टेजला आकडा थांबतो, म्हणजे ५१२ च्या जवळपास, आणि दांडा हलला की एका बाजूला वाढतो दुसऱ्या बाजूला कमी. चुंबक आडवं लावलं तर ही चाल नीट येते, उभं लावलं तर दोन्ही बाजूंना आकडा एकाच दिशेने सरकतो आणि डावंउजवं कळत नाही. माझं उभं लागलं होतं, फेव्हिक्विक वाळलेलं, काढताना चुंबकाचा टवका उडाला. जास्तीचे मागवा.

रेंज मागच्यापेक्षा दुप्पट मिळाली आणि सरासरी काढायची गरज उरली नाही. डेडझोन पुन्हा जवळजवळ शून्यावर आणला.

१२ ऑगस्ट

हिशोब: बोर्ड साडेपाचशे, नायलॉन आणि लेथ साडेचारशे, बेअरिंग दीडशे, हॉल सेन्सर आणि चुंबकं मिळून दोनशे, प्लाय घरचा, ग्रिप आणि बटणं शंभराच्या आत. वाया गेलेले पोटेन्शिओमीटर आणि ती केबल वेगळी. दीड हजाराच्या आत बसतं. वेळ म्हणाल तर जास्त वेळ जुळणीत नाही, सामानाची वाट बघण्यात गेला.

पुन्हा करायचं झालं तर पोटेन्शिओमीटर घेणारच नाही, पहिल्या दिवसापासून हॉल सेन्सर. आणि दांड्यावर तिसरं बटण सुरुवातीलाच, इंजेक्टरसाठी, कारण लढाईत इंजेक्टरचं आय बटण शोधायला डावा हात कीबोर्डवर न्यावा लागतो आणि तेवढ्यात मागचा चाचा शील्ड उतरवतो. पोकळ ग्रिपमधे आता तिसरी तार शिरत नाही.

थ्रॉटलला, म्हणजे वेग कमीजास्त करायला, सरकता पोटेन्शिओमीटर घेतलाय, गेम थ्रॉटलचा अक्ष ओळखतो. डब्याला उजव्या बाजूला खाच पाडायची आहे, त्यासाठी उद्या मामांकडे प्लाय घेऊन जातोय. डबा हलका पडतो, जोरात नाक उचललं की टेबलावरून सरकतो, खाली रबरी पाय आणि आत लोखंडाची पट्टी टाकणार आहे, पट्टी भंगारातून वजनावर मिळेल.